ढगी गायीला उठवणारा टपालवाला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खैरटाकळीच्या नदीवर पूल नव्हता आणि गावात शाळाही नव्हती, तेव्हाची ही हकिकत. त्या काळी आठ गावांत मिळून सायकल एकच होती, आणि तिच्यावर बसणारा माणूसही एकच. लिंबाजी करडे त्याचं नाव. तो टपालवाला होता. सकाळी बाजाराच्या गावाहून पत्रांची खाकी पिशवी घेऊन तो निघायचा, सात गावं करायचा आणि उन्हं कलायच्या आत आठव्या गावी, म्हणजे खैरटाकळीला, आपल्या घरी यायचा. अंगानं इतका किडकिडीत होता की समोरून वारा सुटला तर सायकल पुढं जायची आणि लिंबाजी मागं राहायचा, असं म्हणतात.

पत्र पोचवलं की त्याचं काम संपत नसे. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून पत्र फोडायचं त्यानंच आणि वाचायचंही त्यानंच. कुणाकडं बारसं आहे, कोण रुसलंय, कुणाचा जावई कुठं नोकरीला लागला, हे आठही गावांचं लिंबाजीच्या पोटात असे. आणि एका घरचं दुसऱ्या घरी गेलं, असं कधी झालं नाही. म्हणून लोक त्याला मानत.

लिंबाजीला अंधाराचं भय नव्हतं, नदीच्या पुराचं नव्हतं, सापाचंही नव्हतं. त्याला भय होतं एकाच प्राण्याचं. गायीचं.

त्याचं कारण असं झालं. तो नोकरीला लागला त्याच महिन्यात एका गायीनं त्याच्या पिशवीत तोंड घालून एक पत्र खाल्लं. पत्र मुलीकडच्यांचं होतं, मुलाकडं चाललं होतं. लिंबाजीनं ते ओढून काढायला पाहिलं, तर गायीनं त्याला शिंगावर उचलून उकिरड्यात ठेवला. पत्र आलं होतं एवढंच मुलाकडच्यांना कळलं, आत काय होतं ते कळलं नाही. त्यांनी आपला होकार धरला आणि वरात घेऊन दारात आले. दारात आलेली वरात परत कोण लावणार? लग्न झालं, संसारही सोन्यासारखा झाला. खाल्लेल्या पत्रात साफ नकार होता, असं म्हणतात.

तेव्हापासून समोरून गाय आली की लिंबाजी सायकल आडवी धरायचा, सायकलीचा पंप काढून तलवारीसारखा पुढं करायचा आणि गाय निघून जाईपर्यंत तसाच उभा राहायचा. गायींना याची इतकी सवय झाली की त्या त्याच्याकडं बघतही नसत. पण लिंबाजीचं समाधान व्हायचं.

आता खैरटाकळीत एक ठकूबाई होती. देहानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. नवरा लवकर गेला, मुलगा शिदू लांब मुलखात लष्कराच्या गोठ्यात चाकरीला. घरात राहिल्या ठकूबाई आणि तिची ढगी गाय. ढगी म्हणजे वळवाच्या ढगासारखी करडी, ठेंगणी आणि शांत. आणि दूध? ठकूबाई तिची धार चरवीत काढतच नसे, आंघोळीच्या घंगाळात काढी. घंगाळ भरलं की शेजारीण आपलं घेऊन धावे. ढगीच्या धारेचा आवाज नदीपलीकडं ऐकू यायचा आणि पलीकडच्या गावची वासरं हंबरायची, असं म्हणतात.

एके दिवशी शिदूचं पत्र आलं. लिंबाजी नेहमीसारखा ठकूबाईच्या अंगणाच्या गडग्याबाहेर उभा राहिला, कारण आत ढगी होती, आणि तिथूनच त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्यामुळं ते पत्र ठकूबाईच्या आधी सगळ्या आळीनं ऐकलं.

“तीर्थरूप आईस शिदूचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आमच्या गोठ्यात एक मोठी दुधाळ गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पडली. मान पोटाशी वळवून बसली, कान गार पडले. सगळे म्हणाले गेली. पण आमच्या डॉक्टरसाहेबानं नळी उकळून सडात घातली आणि सायकलीच्या असतो तसल्या पंपानं कासेत हवा भरली. चारी सड फडक्याच्या पट्टीनं बांधले. कास ढो…”

इथं लिंबाजी अडला. नदी ओलांडताना पिशवीला पाणी लागलं होतं आणि एक शब्द विरघळून गेला होता.

“ढो, पुढं काहीतरी… सारखी लागली की थांबायचं. दोन घटकांत गाय उठली. मी डोळ्यांनी पाहिलं. आपली ढगीही दुधाळ आहे, म्हणून कळवतो. तिला जपणे.”

आळी जी हसली, ती आठ दिवस हसत होती. गायीत हवा! रोज दुपारी पारावर लिंबाजीला थांबवून लोक म्हणत, “लिंबाजी, त्या हवेचं वाच की एकदा.” तो बिचारा वाचायचा. पुढं पुढं पत्र हातात नसलं तरी म्हणायचा. एवढं वाचलं की त्याला ते आरतीसारखं पाठ झालं. रंगराव पाटील, गावचे मोठे असामी आणि खाण्याचे त्याहून मोठे शौकीन, पोट धरून म्हणत, “शिदूला तिकडं भांग मिळतीया वाटतं!”

ठकूबाई मात्र हसली नाही. तिनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

दोन महिन्यांनी ढगी व्याली. चौथं वेत. कालवड झाली, आईसारखीच करडी. ठकूबाईचा हात मुळातच सढळ, त्यात आनंद झालेला. वासराला पाजून झाल्यावर तिनं कास पार तळापर्यंत पिळली, चिकाचं घंगाळ भरलं आणि चाळीस घरी खरवस वाटला. गूळ घातलेला, वेलदोडा घातलेला. रंगराव पाटलांनी तीनदा मागून घेतला. संध्याकाळी परत पिळली, परत वाटला. पाटलांनी परत तीनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढगीचे मागचे पाय लटलट कापायला लागले. ठकूबाई पाणी पाजायला गेली तर गाय झोकांडी खाऊन खाली बसली. उठवली, तर उठेना. हळूहळू तिची मान वळली आणि मुसकट पोटाशी लागलं, जसं काही स्वतःच्याच कुशीत डोकं घालून झोपावं. नाक कोरडं. शेण नाही. ताप म्हणावा तर अंग गार. तिची कालवड आईच्या अंगाला ढुशा देत होती आणि आई तिच्याकडं बघत नव्हती.

बातमी फुटली आणि गाव लोटलं. प्रत्येकाच्या पोटात ढगीचा खरवस होता, त्यामुळं प्रत्येकाला आपण काही सांगावं असं वाटत होतं. रंगराव पाटील म्हणाले, बाटलीभर कडक दारू पाजा. ठकूबाई म्हणाली, “तिला गिळताच येत न्हाई पाटील, नरड्यात अडकून जाईल ती.” कुणी म्हणालं, विळा तापवून डाग द्या. ठकूबाईनं त्या माणसाकडं असं बघितलं की तो विळा घेऊन घरी गेला. जनावरांचा डॉक्टर तालुक्याला. माणूस धाडला होता, पण जाऊन येऊन दीड दिवस.

मग देवऋषी आला, खंडूबुवा. हातात मोरपिसांचा भला मोठा कुंचा. त्यानं ढगीभोवती तीन फेऱ्या मारल्या, डोळे फिरवले आणि निदान केलं, “नजर! चाळीस घरी खरवस गेला, येका घरी गेला न्हाई. त्या घरची नजर हाय.”

“कुणाचं घर राह्यलं?” ठकूबाईनं विचारलं.

खंडूबुवा घसा खाकरून म्हणाला, “माजं.”

ही सगळी गडबड चाललेली असताना लिंबाजी सात गावं करून आला. गर्दी बघून गडग्याबाहेर थांबला. सायकलीला पंप लटकत होता. ठकूबाईची नजर आधी पंपावर गेली आणि मग लिंबाजीवर. ती गर्दी फोडत बाहेर आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

“लिंबाजी, त्वा वाचलंस ना शिदूचं पत्र?”

“वाचलं, मावशी.”

“मान पोटाशी, कान गार. हेच व्हतं ना त्यात?”

“हेच होतं. पण मावशी, मी नुसतं वाचलं हो! मी टपालवाला आहे.”

“मग माज्या शिदूनं धाडलेलं आजून पोचलंच न्हाई म्हन की,” ठकूबाई म्हणाली. “पोचीव.”

लिंबाजीनं गोठ्याकडं बघितलं.  आणि त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळ्या गावासमोर सांगितलं, “मावशी, मला गायीची भीती वाटते.”

गावाला ते माहीतच होतं. तरी माणसं हसली. ठकूबाई हसली नाही. म्हणाली, “तिलाबी आत्ता भ्याच वाटतंय. दोघं मिळून बसा.”

लिंबाजी गडगा ओलांडून आत गेला. दोन पावलं गेला, एक मागं आला, असं करत करत ढगीपाशी पोचला. ठकूबाईनं त्याचा हात धरून ढगीच्या कानावर ठेवला. कान नदीतल्या गोट्यासारखा गार होता. लिंबाजीला वाटलं होतं, हात लावताच आपला जीव जाईल. पण त्या गार कानाखाली कुठंतरी लांबवर एक नाडी उडत होती, दार लावून घेतलेल्या घरात कुणीतरी हाका माराव्या तशी. त्यानं हात काढला नाही.

“पाणी उकळा,” तो म्हणाला. “पत्रात आहे, नळी उकळून.”

नळी कुठली आणायची? लिंबाजीची नजर भिरभिरली आणि खंडूबुवाच्या कुंच्यावर येऊन थांबली. ठकूबाईला सांगावं लागलं नाही. तिनं कुंच्यातलं सगळ्यात लांब मोरपीस उपटलं, दोन्ही टोकं कापली, दाभणानं पोकळ केलं, काठ घासून गुळगुळीत केले आणि उकळत्या पाण्यात टाकलं. खंडूबुवा ओरडला, “आगं, त्यो देवाचा कुंचा हाय!” ठकूबाई म्हणाली, “मग देवाच्याच कामाला लागला.”

कास साबणानं धुतली, सड धुतले, लिंबाजीचे हात कोपरापर्यंत धुतले. ढगी कुशीवर लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या लावल्या. पंपाची रबरी नळी मोरपिसावर चढवली. इतक्यात रंगराव पाटील पुढं आले.

“थांबा. गाय आदी बांदा.”

“पडलेली गाय कशाला बांधायची, पाटील?”

“हवा भरल्याव वर गेली मंजी?”

गावानं विचार केला. असं आधी कुणी केलं नव्हतं, तेव्हा होणारच नाही असं कोण सांगणार? मग ढगीच्या पुढच्या पायाला दावं बांधलं, दावं मेखेला बांधलं, आणि खबरदारी म्हणून मेखेवर रंगराव पाटील स्वतः बसले. आठ गावांत त्यांच्याएवढं वजन दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

लिंबाजीनं पहिल्या सडात नळी घातली, डोळे मिटले आणि पंप मारला. फुस्स. फुस्स. कास हळूहळू भरायला लागली. आणि तेव्हा सगळ्यांना आठवलं, की थांबायचं कुठं?

“ढो,” लिंबाजी म्हणाला. “पत्रात नुसतं ढो आहे.”

“ढोपर!” कुणीतरी ओरडलं. “ढोपरागत टणक झाली पायजे.”

“न्हाई, ढोली! झाडाच्या ढोलीगत पोकळ.”

“थांबा,” गर्दीतून आवाज आला. तो दगडूचा होता. दगडू तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा आणि फड नसला की गावात झोपा काढायचा. “त्यो शब्द ढोलकी हाय. दुसरा असूच शकत न्हाई.” तो पुढं येऊन बसला, कान कासेजवळ नेला आणि बोटांनी हलकी टिचकी मारली. “ढब् म्हनतीया. उतरल्याली हाय. चढवा.”

लिंबाजीनं चढवली. दगडूनं टिचकी मारली. “आजून. आजून दोन पंप. हां, येक कमी केला असता तरी चाललं असतं. बांदा!” ठकूबाईनं पट्टी बांधली, फार आवळून नाही. मग दुसरा सड, तिसरा, चौथा. चौथ्याला दगडूनं मान डोलावली आणि चारी बाजूंनी एकेक टिचकी मारून बघितली. ठण्, ठण्, ठण्, ठण्. चारी एका सुरात. असा सूर आमच्या फडाच्या ढोलकीलाही कधी लागला नव्हता, असं दगडू मरेपर्यंत सांगायचा.

मग वाट बघणं आलं. खंडूबुवा भिंतीला टेकून म्हणाला, “उडाली की सांगा मला.” लोक हसले, पण हळू. एक घटका गेली. लिंबाजी जागचा हलला नव्हता, ढगीच्या कानावरचा हातही त्यानं काढला नव्हता. ठकूबाई गायीची मान मांडीवर घेऊन बसली होती आणि गावानं कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणत होती, “ऊठ गं बाई. येवडं दिलंस लोकाला, तुला काय ऱ्हायलं? ऊठ.”

दुसरी घटका भरत आली तेव्हा लिंबाजी एकदम म्हणाला, “मावशी, कान.”

“काय झालं?”

“कोमट आहे.”

पाठोपाठ ढगीच्या अंगावरून एक शिरशिरी गेली, शेपटीपासून मानेपर्यंत, तळ्यावरून वारा जावा तशी. तिनं मोठी ढेकर दिली. आणि मग, अख्खं गाव श्वास रोखून बघत असताना, तिनं शेण टाकलं.

त्या शेणाचं जे स्वागत झालं, ते खैरटाकळीत कुणाच्या मुलाच्या बारशालाही झालं नसेल! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. दगडूनं पालथ्या घंगाळावर ताल धरला. ढगीनं मान सरळ केली, कान हलवले, मागचे पाय घेतले, पुढचे घेतले आणि उभी राहिली. मेखेवर बसलेले रंगराव पाटील दाव्याच्या हिसक्यानं मेखेसकट उलटे झाले. त्यांना खालून असं दिसलं की ढगीचे चारही पाय जमिनीपासून चार बोटं वर आहेत. त्यांनी ते शपथेवर सांगितलं. खैरटाकळीत आजही तसंच म्हणतात.

ढगीनं वळून लिंबाजीकडं बघितलं आणि आपली खरखरीत जीभ त्याच्या गालावरून फिरवली. लिंबाजी तिथंच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. भीतीनं की आनंदानं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या दिवसापासून लिंबाजीच्या पंपाला आठही गावांत देवाच्या काठीचं मोल आलं. कुणाची गाय पडली की टपाल अडायचं. मोरपिसाची नळी तो आता उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीतच ठेवायचा. दगडू सूर लावायला बरोबर असायचा. त्यानं किती गायी उठवल्या? कुणी चाळीस म्हणतं, कुणी चारशे. एका आटलेल्या विहिरीत त्यानं हवा भरली आणि पाणी वर आलं, असं म्हणतात. एक रुसलेला नवरदेव जेवायला उठत नव्हता, तर त्याला लिंबाजीनं नुसता पंप दाखवला आणि तो पंगतीत जाऊन बसला, असंही म्हणतात. खंडूबुवा तर सगळीकडं सांगत फिरायचा, “पंप त्याचा आसंल, पीस माजं हाय.”

लिंबाजी मात्र हे ऐकून खूष होत नसे. कारण न उठलेली एक गाय त्याला माहीत होती. नदीपलीकडच्या वस्तीवर एका म्हाताऱ्याची. तिला पडून तीन दिवस झाले होते. लिंबाजीनं सगळं केलं, दगडूनं सूर लावला, दोन घटका गेल्या, चार गेल्या. गाय उठली नाही.  उलट त्या म्हाताऱ्यानंच लिंबाजीला गूळपाणी दिलं. त्या दिवशी लिंबाजी सायकलीवर बसला नाही. ती हातात धरून चालत घरी आला, आणि घरी येताच त्यानं शिदूला पत्र लिहिलं. हवा कशी भरायची ते कळलं, पण गाय पडतेच का, ते तुझ्या डॉक्टरसाहेबाला विचार.

महिन्यानं उत्तर आलं. साहेब म्हणतात, दुधात चुना असतो, हाडांत असतो तसा. गाय व्याली की कासेत एकदम दूध उतरतं आणि अंगातला चुना त्याबरोबर ओढला जातो. हाडातला नवा चुना रक्तात यायला एकदोन दिवस लागतात. तेवढ्यात तुम्ही कास तळापर्यंत पिळली की कास पुन्हा भरायला घेते, रक्तातला उरलासुरला चुना आटतो आणि गायीचे हातपाय गळतात. हवेनं कास भरलेली राहते, दूध उतरायचं थांबतं, चुना रक्तात राहतो. तेव्हा वासराला पोटभर पाजावं, पण पहिले तीन दिवस दुधाळ गाय अर्धीच पिळावी.

लिंबाजीनं हे पारावर वाचलं. चुन्याचं ऐकून रंगराव पाटलांनी घरी जाऊन आपल्या गायीला बारा पानांचे विडे चारले. गायीचं तोंड लाल झालं, बाकी काही झालं नाही. पण अर्धी पिळायची म्हटल्यावर सगळं गाव बिथरलं. गायीत हवा भरा म्हणालात, भरली. नळी उकळा म्हणालात, उकळली. पण अर्धी पिळायची, म्हणजे अर्धाच खरवस?

“खरवस म्हंजी पयल्या दिवसाचा,” पाटील म्हणाले. “चौथ्या दिवशी त्ये नुसतं दूध!”

लिंबाजी घरोघर हात जोडून फिरला. लोक हो हो म्हणत आणि गाय व्याली की घंगाळ घेऊन बसत. गाय पडली तर लिंबाजी आहेच की! शेवटी एक दिवस तो पारावर उभा राहिला आणि म्हणाला, “ज्या घरी पहिल्या तीन दिवसांत कास पुरी पिळतील, त्या घरची गाय पडली तर मी येईन, उठवीन. पण त्या घरचं पत्र मी वाचणार नाही. पत्र पोचवणं ही माझी नोकरी. वाचणं ही माझी माया.”

लोकांना वाटलं, बोलतोय झालं. पुढच्याच आठवड्यात पाटलांची गाय व्याली, पाटलांनी कास कोरडी केली आणि खरवसाचं पातेलं घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या लेकीचं, सासरहून, पत्र आलं. लिंबाजीनं ते पाटलांच्या हातात दिलं, रामराम केला आणि पुढं गेला.

चार दिवस पाटील ते पत्र घेऊन गावभर फिरले. ते उलटं धरलंय हेही त्यांना माहीत नव्हतं. खंडूबुवानं पत्र कपाळाला लावून सांगितलं, “यात पानी दिसतंय.” ते ऐकून पाटलीणबाई रडायला लागल्या.  इकडं लिंबाजीला न वाचलेलं पत्र रस्त्यात पडलेल्या लेकरासारखं वाटायचं. पण तो म्हाताऱ्याचं गूळपाणी आठवायचा आणि पुढं जायचा.

पाचव्या दिवशी दुपारी पाटलीणबाई स्वतः त्याच्या दारात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, आमच्या गोठ्यात हितनं पुढं तीन दिस अर्धीच धार निघंल. ह्यांनी काडली तर घंगाळ ह्यांच्याच डोस्क्यात घालीन. आता वाचा.”

लिंबाजीनं पत्र फोडलं. आत एवढंच होतं, “मी येत्या सोमवारी येते. नदीला पाणी आहे, तरी अलीकडं गाडी उभी करणे.”

“आज कोंचा वार?” पाटलीणबाईंनी विचारलं.

“सोमवार,” लिंबाजी म्हणाला.

पाटील स्वतः गाडी हाकत नदीकडं सुटले. पागोटं वाटेत पडलं, ते उचलायलाही थांबले नाहीत. लेक अलीकडच्या काठावर ट्रंकेवर बसली होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि डोक्यापर्यंत तापलेली. उशीर का झाला, ते बापानं खरं खरं सांगितलं. लेक म्हणाली, “लिंबाजीदादाचं बरोबर हाय. खरवसाचं पातेलं घेऊन बसायचं, त्याच्यापरीस गाडी वक्ताला धाडली असती तर?” त्यानंतर पाटलांच्या गोठ्यात पहिल्या तीन दिवसांत कुणी घंगाळ नेलं नाही. आणि पाटलांनी नेलं नाही म्हटल्यावर गावात कुणीच नेलं नाही.

वर्षं गेली. नदीवर पूल झाला. गावात जनावरांचा डॉक्टर यायला लागला. गाय पडली की तो कॅल्शियमची बाटली मानेच्या शिरेतून हळूहळू चढवायचा आणि बघता बघता गाय उभी राहायची. लिंबाजी तेव्हा फार म्हातारा झाला होता. पहिल्यांदा डॉक्टर आला तेव्हा ती बाटली त्यानंच वर धरली, गाय उठेपर्यंत. उठल्यावर म्हणाला, “चांगलं झालं. आता रस्ता जवळचा झाला.” त्याच साली तो गेला.

खैरटाकळीत आजही गाय व्याली की गोठ्याच्या खांबाला एक कोरं पोस्टकार्ड टाचतात. पहिल्या दिवशी वासराला पाजून अर्धीच धार काढतात आणि कार्डावर लिहितात, ‘अर्धी’. दुसऱ्या दिवशी ‘अर्धी’. तिसऱ्या दिवशी ‘अर्धी’. चौथ्या दिवशी ते कार्ड टपालपेटीत टाकतात. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं आणि पत्ताही नसतो. मागं एक नवे पोस्टमास्तर आले होते, कडक शिस्तीचे. असली बेवारस कार्डं कुठं पाठवायची, म्हणून त्यांनी चौकशी लावली आणि एका कार्डाच्या मागावर स्वतः गावात आले.  लोकांनी त्यांच्यासाठी ओट्यावर पाट मांडला आणि अर्ध्या धारेच्या खरवसाची पहिली वडी त्यांच्या पुढ्यात ठेवली, कारण ती टपाल आणणाऱ्याची असते. मास्तरांनी वडी खाल्ली. आणखी एक मागून घेतली. मग कार्डावर शिक्का मारला आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, ‘पोचलं.’